अंग गरम असतानाच

हे लिहिण्याचा अधिकार मला आहे असं मला वाटत नाही. ज्या बाईंबद्दल लिहायचं आहे त्यांना आता विचारता येत नाही, आणि ज्याला विचारता येईल त्या त्यांच्या मुलाच्या दारात जायचं धाडस मी अजून केलेलं नाही. आमच्या घरात माझ्याआधी कुणी कॉलेजची पायरी चढलेलं नाही. असं काही लिहायचं तर कुठून सुरू करतात, काय सांगतात आणि काय ठेवून देतात, हे सांगणारं मला कुणी नाही. चुकलं तर माफ करा. माफी मागायची खरी जागा ही नव्हे, एवढं मात्र मला कळतं.

मी सोलापुरात समाजकार्याच्या पदवीला आहे. दुसऱ्या वर्षी आम्हाला आठवड्यातून दोन दिवस एखाद्या संस्थेत काम करावं लागतं. माझी नेमणूक अशा ठिकाणी झाली, जिथली माणसं घरोघरी जाऊन बऱ्या न होणाऱ्या आजाऱ्यांना भेटतात. जाणाऱ्या मुख्यतः एक सिस्टर. त्यांची स्कूटर, औषधांची पेटी, आणि मागे मी, मांडीवर फाईल घेऊन. सिस्टर जखमा धुवायच्या, गोळ्या समजावून सांगायच्या, आणि दर वेळी विचारायच्या, "दुखणं दहापैकी किती?" पेशंट म्हणायचे, "लई." सिस्टर हसून म्हणायच्या, "लई म्हणजे आठ लिही रे."

सिस्टर साताऱ्याकडच्या. सोलापुरात एका गल्लीत तेलुगू, पुढच्या गल्लीत दखनी, आणि कोपऱ्यावरच्या खोलीत कानडी. आजारी माणूस घाबरला की मराठी सोडतो आणि लहानपणीच्या भाषेत जातो. सिस्टरांना तेव्हा काही कळायचं नाही. माझ्या अर्जात मी 'येणाऱ्या भाषा' पुढे मराठी आणि हिंदी एवढंच लिहिलं होतं. एकदा घरून आईचा फोन आला आणि मी सवयीने कानडीत बोललो. सिस्टरांनी स्कूटर बाजूला घेतली.

"हे कधी शिकलास?"

"घरी बोलतो आम्ही."

"मग लपवतोस कशाला? भाषा आहे ती. चोरीचा माल आहे काय?"

लपवायचं कारण होतं, पण ते सांगण्यासारखं नव्हतं.

पहिल्या वर्षी आमच्या सरांनी एका तासाला प्रत्येकाला विचारलं होतं की तुमच्याकडे माणूस गेल्यावर काय करतात. माझी पाळी आली तेव्हा मी मन लावून सांगितलं. आम्ही लिंगायत. आमच्यात जाळत नाहीत. गेलेल्या माणसाला मांडी घालून बसवतात, पूजेला बसल्यासारखं. जंगम, म्हणजे आमचे पुजारी, येतात, विभूती लावतात, हार घालतात, बसलेलंच वाजतगाजत नेतात आणि आपल्या शेतात बसलेलंच मातीत ठेवतात. माझ्या आजोबांना असंच नेलं होतं, आणि ते मला लग्नाच्या वरातीपेक्षाही देखणं वाटलं होतं. हेही मी सांगितलं.

मागच्या बाकावरून आवाज आला, "मग बेल्टबिल्ट लावता का रे?"

दुसरा म्हणाला, "खिडकीची सीट मिळते का?"

वर्ग हसला. सरही तोंडावर हात ठेवून हसले. त्यांच्याबरोबर मीही हसलो. आजोबांवर हसलो. त्या दिवसानंतर मी वर्गात माझ्या घराबद्दल काही सांगितलं नाही.

अव्वांकडे मी गेलो तो कानडी येतं म्हणूनच. अव्वा म्हणजे आई. आमच्याकडे कुठल्याही वडीलधाऱ्या बाईला तसंच म्हणतात. अव्वा अक्कलकोटच्याही पलीकडच्या, सीमेजवळच्या एका गावच्या. नवरा गेल्यावर मुलाला घेऊन शहरात आल्या होत्या आणि यंत्रमागाच्या एका कारखान्यामागे भाड्याच्या खोलीत राहून कडक भाकऱ्या करून विकायच्या. मुलगा आता चिंचोळी एमआयडीसीत कामाला होता. सून अव्वांच्याच भाकऱ्यांचा धंदा चालवत होती. अव्वांना पोटाचा कॅन्सर होता. तो आता छातीपर्यंत आला होता, आणि हे त्यांना स्वतःला सगळ्यांत आधी कळलं होतं.

पहिल्याच दिवशी त्यांनी मला कानडीत गाव विचारलं, घराणं विचारलं, माझ्या आईचं माहेर विचारलं. मंद्रूपजवळचं आहे म्हणताच त्यांनी दोन-चार नाती जुळवली आणि सिस्टरांकडे बघून मराठीत म्हणाल्या, "ह्यो आमचाच हाय की." सिस्टर हसल्या. मी अंग चोरून बसलो.

संस्थेचा एक दोन पानी फॉर्म होता. तब्येत जास्त बिघडली तर काय करायचं, हे पेशंटच्या तोंडून आधीच लिहून घ्यायचं. घरी राहायचं की दवाखान्यात जायचं, मशीन लावायची की नाही, कुणाला बोलवायचं, निर्णय कोण घेणार. शेवटचा रकाना होता, 'मृत्यूनंतर घ्यायची विशेष काळजी'. एक प्रत घरात राहायची, दुसरी संस्थेशी ठरलेल्या दवाखान्यात जायची. दवाखान्यातले लोक तो कागद काढून वाचायचे आणि तसंच करायचे. सिस्टरांनी तो कागद माझ्या हातात दिला. "तुमच्या भाषेत निवांत बोल त्यांच्याशी," म्हणून त्या पुढच्या घरी गेल्या.

मला वाटलं होतं अव्वा रडतील. पण त्या बाजारात भाजी निवडावी तशा एकेक गोष्ट बाजूला काढत गेल्या. आमचं बोलणं कानडीत झालं, इथे मराठीत लिहितो. नळी घालायची का म्हणून विचारलं तर म्हणाल्या, "आमच्या नळाला पाणी पाच दिवसांनी येतं. नाकात नळी घालून काय येणार?" बाहेरून भाकरी थापण्याचा आवाज येत होता, तो थांबला आणि सून हसली. कुणाला बोलवायचं? "लेकाला. बाकीचे आपोआप येतील, जेवायला." घरी की दवाखान्यात? "दम कोंडला तर न्या. पोरांच्या डोळ्यांदेखत तडफडायला नको."

मग शेवटचा रकाना आला. इथे अव्वा थोड्या सरळ बसल्या.

त्यांचे धाकटे दीर बऱ्याच वर्षांपूर्वी दवाखान्यात गेले होते. तिथल्या लोकांनी रीतीप्रमाणे त्यांना सरळ निजवलं, पायांचे अंगठे बांधले. गावी आणेपर्यंत दुसरा दिवस उजाडला. अंग लाकडासारखं झालं होतं. मांडी घालता येईना. मग भावकीतल्या चार माणसांनी त्यांना आतल्या खोलीत नेलं आणि दार लावून घेतलं.

"आवाज बाहेर आला," अव्वा म्हणाल्या. त्यांनी स्वतःच्या गुडघ्यावर हात ठेवला. "दिराचा पोरगा आत होता. पाय त्यालाच धरायला लावले होते. त्यानंतर तो पोरगा कुणाच्या मातीला गेला नाही. सख्ख्या आईच्या मातीलाही बाहेर रस्त्यावर उभा राहिला."

मग त्या म्हणाल्या, "माझ्या लेकाला ते करायला लागू नये. जीव गेला की लगेच, अंग गरम असतानाच, मला मांडी घालून बसवा. भिंतीला टेकवा, लुगड्यानं बांधा. दवाखान्यात असले तर दवाखान्यातच बसवा. मग गावाला न्या, मालकांच्या शेजारी जागा आहे माझी. लिही."

मी पेन टेकवलं.

दर शनिवारी हे फॉर्म कॉलेजात मोठ्याने वाचावे लागत. सर असत, आमच्या गटातली सहा मुलं-मुली असत, आणि त्यांत बेल्टवाला होता. 'मृतदेहाला मांडी घालून बसवावे, भिंतीला टेकवून बांधावे' हे वाक्य मी त्या खोलीत वाचतो आहे, असं मला दिसलं. पुढे काय होईल तेही दिसलं. मी स्वतःला समजावलं की घरात सगळ्यांना माहीतच आहे. मुलाला माहीत आहे, सुनेला माहीत आहे. हा कागद डॉक्टरांसाठी आहे, औषधांचा आहे. यात हे कशाला?

"बरकोंड्या?" अव्वांनी विचारलं. लिहून घेतलंस?

"हूं, अव्वा."

मी लिहिलं होतं: विशेष काही नाही.

अव्वांना मराठी वाचता येत नव्हतं. त्यांनी कागद मांडीवर घेतला आणि माझ्या त्या तीन शब्दांच्या खाली, एकेक अक्षर जोडत, कानडीत सही केली. सही झाल्यावर मला म्हणाल्या, "आता मोकळी झाले." सुनेने मला दोन कडक भाकऱ्या आणि शेंगाची चटणी कागदात बांधून दिली. मी ती घेतली, आणि खोलीवर जाऊन खाल्लीसुद्धा.

शनिवारी मी फॉर्म वाचला. शेवटचा रकाना वाचताना कुणी मान वर केली नाही. सर म्हणाले, "नेटका भरलाय."

त्यानंतर मी चार-पाच वेळा अव्वांकडे गेलो असेन. दर वेळी वाटायचं की आज सिस्टरांना सांगून ती ओळ घालून घ्यावी. पण घालायची म्हणजे आधी का घातली नाही हे सांगायचं. अव्वा बऱ्याच खालावल्या होत्या, पण बोलत होत्या, टोमणे मारत होत्या, 'लग्न कधी करतोस' विचारत होत्या. मला वेळ आहे असं वाटत राहिलं.

एके दिवशी दुपारी मी कॉलेजात होतो. तासाभरात चाचणी परीक्षा होती. सुनेचा फोन आला. मागे रिक्षाचा आवाज.

"दादा, आत्यांना लई दम लागलाय. दवाखान्यात नेताव. ह्यांना फोन लागत न्हाय, कारखान्यात आत फोन नेऊ देत न्हाईत. शेजारचे काका निघालेत गेटवर निरोप द्यायला."

"तुम्ही घाबरू नका वहिनी."

"घाबरत न्हाय. पर दादा, ते बसवायचं कागदात हाय न्हवं? मी एकटी बाईमाणूस. तितं माजं कोण ऐकणार? कागदात असलं म्हंजे बरं."

मला अजूनही तो क्षण पुन्हा मिळाल्यासारखा वाटतो, म्हणजे मी तो परत परत घेतो आणि वेगळं बोलून बघतो. 'वहिनी, राहिलंय लिहायचं, तुम्ही तिथे पोहोचल्याबरोबर सांगा.' एवढंच बोलायचं होतं. एका दमात झालं असतं.

"आहे वहिनी," मी म्हणालो. "लिहिलंय. काळजी करू नका."

"बरं झालं बाई," ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

मी लगेच सिस्टरांना फोन लावला. तो लागला नाही. मेसेज लिहायला घेतला आणि पुसला, कारण कसाही लिहिला तरी त्यात माझी चूक उघडी पडत होती. आजच काही होणार नाही, संध्याकाळी समक्ष सांगू, असं म्हणून मी फोन बंद केला आणि पेपरला बसलो. पेपरात एक प्रश्न रुग्णाच्या हक्कांवर होता. त्याला मला पूर्ण गुण मिळाले.

अव्वा मी पेपर लिहीत असतानाच गेल्या. सून तेव्हा वॉर्डात नव्हती. आधार कार्ड हवं म्हणून तिला घरी पाठवलं होतं, आणि कागदात सगळं आहे म्हणून ती निर्धास्त गेली होती. वॉर्डातल्या मावशींनी फाईल काढून कागद पाहिला. विशेष काही नाही. मग त्यांनी कुणासाठीही करतात ते केलं. डोळे मिटले, हातपाय सरळ केले, अंगठे बांधले, स्वच्छ चादर गुंडाळली. त्यांचं काहीच चुकलं नाही. मुलगा येईपर्यंत अव्वांना शीतघरात ठेवलं; सून परतली तेव्हा ते बंद झालं होतं आणि मुलाच्या सहीशिवाय कुणी उघडेना. मुलाला निरोप पोहोचायला, त्याला चिंचोळीहून यायला, सह्या व्हायला सात वाजले.

हे सगळं मला सिस्टरांनी त्या संध्याकाळी फोनवर सांगितलं.

"सून सारखी म्हणत होती, कागदात लिहिलंय, कागदात लिहिलंय. मी कागद काढून बघितला. तू भरला होतास ना?"

"हो."

"आजींनी तुला सांगितलं नव्हतं?"

खोटं बोलायची जागा अजून होती. पण ते मला जमलं नाही. "सांगितलं होतं," मी म्हणालो.

मला त्यांचं रागावणं हवं होतं.

"अरे, एक ओळ," त्या म्हणाल्या. "गेल्या वर्षी एका आजोबांना आम्ही वॉर्डातच बसवलं होतं. ह्याच मावशींनी पाठीला उशा लावल्या. शेजारच्या पेशंटनी हात जोडले. दहा मिनिटांचं काम." मग म्हणाल्या, "उद्या सकाळी गावी माती आहे. जाणार ना?"

"उद्या पेपर आहे," मी म्हणालो.

पेपर परवा होता.

त्यानंतर सिस्टरांनी माझ्याशी वागण्यात काही बदल केला नाही. फक्त फॉर्म भरून झाला की त्या माझ्या हातातून घेऊन स्वतः पुन्हा वाचू लागल्या, आणि शेवटच्या रकान्यापाशी पेशंटला त्यांच्या मोडक्यातोडक्या कानडीत किंवा तेलुगूत स्वतः विचारू लागल्या. पेशंट त्यांच्या उच्चारांना हसायचे. त्याही हसायच्या.

सुनेचे दोन फोन आले. मी उचलले नाहीत. त्या गल्लीवरून जायची वेळ आली की मी मागच्या रस्त्याने जायचो. मला लोकांची बोलणी खायची भीती नव्हती, असं मी म्हणणार नाही. पण त्याहून मोठी भीती एकाच गोष्टीची होती. गावी पोहोचल्यावर काय झालं? दुसऱ्या दिवशी सकाळी त्या घरात आतल्या खोलीचं दार लावलं का? मुलाला आत उभं केलं का? अव्वांनी जे होऊ नये म्हणून मला लिहायला सांगितलं, ते झालं का? हे विचारायला फक्त एक फोन लागत होता आणि मला तो करवत नव्हता. सुट्टीत गावी गेलो की वडील म्हशीसाठी कडबा मोडायचे. त्या आवाजाने मी उठून बाहेर जायचो. वडील आईला म्हणाले, "शिकलेल्याला शेणाचा वास सोसंना आता."

बातमी शेवटी आली ती आईकडून. मी सुट्टीला घरी होतो. आई मंद्रूपच्या आठवडी बाजारातून आली, पिशवी टेकवली, पाणी प्यायली. बाजारात तिला तिची एक चुलत बहीण भेटली होती, जी त्याच सीमेकडच्या गावात दिली आहे. आईला मी अव्वांबद्दल कधी काही सांगितलेलं नव्हतं. ती आपली मिरच्या निवडत घरच्या कानडीत बोलत होती; तेही इथे मराठीतच लिहितो.

"त्यांच्या गावात एक नवलच झालं म्हणं. सोलापुरास्नं एका म्हातारीला मातीला आणलं. दवाखान्यात गेलेली. अंग पार ताटलेलं. जंगम म्हणला, पाय मोकळे करून घ्या. चार माणसं उठली आन लेक दारात आडवा झाला. म्हणला, आयला हात लावायचा न्हाय."

मी मिरच्यांकडे बघत राहिलो.

"समदी म्हणली, खुळा हायस का? बसवल्याबिगर माती कशी द्यायची? तर म्हणला, आयनंच सांगितलंय. लई दमले, मला बसवू नका, आडवंच ठिवा. शेवटची इच्छा हाय तिची."

"मग?"

"मग काय. लई वाद झाला. दुपार टळली. भावकी म्हणली, असं असलं तर नवऱ्याशेजारी जागा न्हाय द्यायची, रीत मोडलीया तिनं. बांधाच्या कडंला आडवीच ठिवली शेवटी. हार न्हाईत, वाजाप न्हाय. आता गावात म्हणत्यात, म्हातारी शहरात ऱ्हाऊन बिघडली. धरम इसरली." आईने एक सडकी मिरची बाजूला टाकली. "मेलेल्या माणसाला असं बोलू ने. पर असं कुणी मागून घेतं व्हय रं? तुज्या त्या कामात बघितलंस का कुणी?"

मी विचारलं, "आणि मुलगा? लोक असं बोलतात तेव्हा तो काय म्हणतो?"

"त्यो काय म्हणतोय," आई म्हणाली. "समोर उभा ऱ्हाऊन ऐकून घेतो. कुणी इचारलं तर म्हणतो, व्हय, आयनंच सांगितलं हुतं."